गोराईच्या वरकशीवर पावसाळी चराई: प्रकल्प नोंदी, मे ते सप्टेंबर २०२५

आमची जमीन गोराई गावठाणाच्या मागे आहे. वरच्या अंगाला साधारण १०० गुंठे वरकस, म्हणजे भाताला न येणारी उताराची जमीन, खाली खाडीकडे ६० गुंठे जुनी भातखाचरं. मजुरी परवडेना म्हणून भात लावणं बंद झालं त्याला बरीच वर्षं झाली. गुरं ७: इगतपुरीकडून आणलेल्या ४ डांगी गायी, २ जर्सी संकरित, १ कालवड. वासरं गोठ्यातच असतात. दूध गावातल्या घरांना जातं. उन्हाळाभर वैरण विकत घेतो. ती पावसाळ्यात निम्म्यावर आणायची आणि गुरं आपल्याच गवतावर ठेवायची, एवढाच बेत. मनोरी, उत्तन, वसईकडचे काही जण पडीक खाचरांवर हेच करायला निघाले आहेत. त्यांच्या उपयोगाला याव्यात म्हणून या नोंदी.

२७ मे

पाऊस काल मुंबईत दाखल झाला. हवामान खात्याच्या हिशेबाने नेहमीची तारीख ११ जून. रोहिणी नक्षत्र लागलं आणि दुसऱ्या दिवशी मोसमी पाऊस, असं काकांनाही आठवत नाही. कुलाब्याला मे महिन्याचा पाऊस २९५ मिलिमीटरवर गेला, १९१८ चा विक्रम मोडला.

आमचं सगळं वेळापत्रक जूनच्या पहिल्या आठवड्यावर बेतलेलं होतं. पेंढ्याचा टेम्पो पालघर जिल्ह्यातल्या वाड्याहून आला तेव्हा गोठ्याचा माळा दुरुस्त व्हायचा होता, म्हणून गंजी अंगणात ताडपत्रीखाली रचली होती. वाऱ्याने ताडपत्री एका बाजूने उचलली आणि वरचे दोन थर भिजले. लसीकरण बाकी. कुंपण बाकी. गोठ्यामागचा चर गाळाने भरलेला.

आज फक्त चर मोकळा केला. गोठ्यात वरून येणारं पाणी थांबवलं नाही तर बाकी काही करून उपयोग नाही. छपराच्या पागोळ्या गोठ्याच्या तोंडाशीच पडतात, तिथे पन्हाळी लावायची आहे. नवी पत्र्याची पन्हाळी आणि खिळे धरून २,८०० रुपये.

३१ मे

घटसर्प आणि फऱ्या या दोन्ही लसी झाल्या. घटसर्पाची लस सगळ्यांना. फऱ्याची डॉक्टरांनी सांगितली तेवढ्या तरण्या जनावरांना, कारण हा रोग प्रामुख्याने ६ महिने ते २ वर्षांच्या जनावरांना गाठतो. लाळ्या-खुरकुताची आधीच झाली होती.

बोरिवलीच्या जेट्टीवरून लसीचा बर्फाचा डबा बोटीने आणायचा बेत होता, पण वाऱ्यामुळे बोट बंद. शेवटी डॉक्टर भाईंदर–उत्तन रस्त्याने वळसा घालून आले. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, म्हणून या वळशात वाटेत बर्फ बदलावा लागला. ज्यांची गुरं खाडीपलीकडे आहेत त्यांनी लस मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकावी. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला २ ते ३ आठवडे लागतात, आणि घटसर्प नेमका पहिल्या पावसातल्या दमट हवेत येतो. घसा सुजून जनावर एका रात्रीत जातं. तो आल्यावर धावपळ करून हाती काही लागत नाही.

५ जून

पाऊस थांबला. आकाश मोकळं, पण उकाडा अंगाला चिकटणारा. भिजलेला पेंढा पसरून वाळवायला घेतला. वरचा थर सुकला, पण आतल्या पेंढ्या सोडल्यावर पांढरी-हिरवी बुरशी आणि कुबट वास. पेंढा महाग पडला आहे, झटकून खायला घालू, असं घरात बोलणं झालं. मी नाही म्हटलं आणि तेवढा भाग सरळ खतात टाकला. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष पोटात गेलं की त्याचा अंश दुधात उतरतो. हे दूध लहान मुलं पितात. साधारण ३,००० रुपयांचा माल गेला.

उरलेला पेंढा माळ्यावर चढवला. खाली बांबूचे आडवे टाकून हवा खेळेल असा. अंगणात, ताडपत्रीखाली, भिंतीला टेकवून पेंढा ठेवणं इथे कायमचं बंद.

१३ जून

कुंपण. वरकशीचे ५ तुकडे पाडले. सौरऊर्जेवरचं झटका मशीन, बॅटरी, पॅनल, तार आणि इन्सुलेटर मिळून १६,५०० रुपये. मशीन ठोके देणारंच घ्यायचं. घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणं बेकायदा आहे आणि त्याने माणसं मेली आहेत. तार एकपदरी, जमिनीपासून अडीच फुटांवर. डांगी गायी पहिल्याच दिवशी नाक लावून शिकल्या. कालवड दोनदा तारेखालून निघाली, तिच्यासाठी खाली दुसरी तार ओढली.

गवत आता चार बोटं आहे. मेच्या पावसाने उगवलं, मग उघडिपीत तटून राहिलं. गुरं हिरवं बघून दाव्याला ओढ देतात, पण इतक्यात सोडलं तर कोंब मुळासकट उपटून येतात आणि तो तुकडा मोसमभर मागे पडतो. वीतभर होईपर्यंत थांबायचं ठरलं आहे.

घाणेरीची सगळी झुडपं आजच मुळापासून काढली. भूक असली की गुरं तिला तोंड लावतात, मग कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते.

२३ जून

काल आर्द्रा लागली, पाऊस पुन्हा नीट धरला आहे, गवत वीतभर झालं. सकाळी ७ वाजता सगळी गुरं पहिल्या तुकड्यात सोडली. तासाभरात हावरटासारखी पोटं भरली. दुपारी शेण पाण्यासारखं. संध्याकाळी एका जर्सीची डावी भकाळी (बरगड्यांमागची कूस) फुगली, ती सारखी उठबस करत होती. डॉक्टरांशी फोनवर बोलून तिला चढावर चालवत ठेवलं. अर्ध्या तासात ढेकर सुटला आणि पोट उतरलं. भकाळी ढोलासारखी ताठ झाली असती तर डॉक्टर येईपर्यंत थांबणं परवडलं नसतं. घशात तेल ओतण्याचा उपाय सगळे सांगतात, पण ते फुप्फुसात गेलं तर दुसरंच दुखणं, म्हणून तो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

रात्री बसून हिशेब मांडला. ३०० किलोच्या गायीला दिवसाला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे साडेसात किलो कोरडा चारा पोटात जायला हवा. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतात कोरडा भाग १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फक्त गवतावर ठेवायचं तर ५० किलो गवत हवं, आणि पानांवरचं पावसाचं पाणी वेगळं. एवढं ती खाऊच शकत नाही. पोट भरलेलं दिसतं, आत बरंचसं पाणीच असतं.

उद्यापासून क्रम असा: धारा झाल्या की प्रत्येकीपुढे ३ किलो पेंढा. तो संपल्याशिवाय दावं सोडायचं नाही. मग साधारण ९ च्या पुढे, पाऊस थांबलेला बघून, २ तास चराई. ४ वाजता पुन्हा २ तास.

३० जून

शेण घट्ट झालं. पोट फुगण्याचा प्रकार पुन्हा नाही.

दुधाच्या दोन घरांनी विचारलं, दूध पातळ का लागतंय, सायही धरत नाही. पाणी घातल्याचा संशय कुणी तोंडावर बोललं नाही, पण आईला तो कळला आणि फार लागला. कोवळ्या गवतात तंतुमय भाग कमी, रवंथ कमी, त्यामुळे दुधातलं फॅट उतरतं. दोन्ही घरी स्वतः जाऊन हे सांगितलं. पेंढा वाढवल्यापासून साय परत येते आहे, पण जर्सींच्या दुधात अजून फरक जाणवतो. ज्यांचं दूध फॅटवर विकलं जातं त्यांनी जूनअखेरचा हा खड्डा गृहीत धरूनच पैशांचं गणित करावं.

४ जुलै

फाटकाची जागा गेली. सातही गुरं रोज चार वेळा त्याच दोन मीटरमधून जातात. पाण्याच्या टाकीभोवतीही तसंच. फाटकात घोट्याच्या वरपर्यंत राबडा झाला आहे. जर्सी त्यात पाय टाकायला कचरतात, मागच्या पुढच्यांना ढकलतात, आणि कास चिखलाने माखून येते.

कासेबद्दल एक बदल केला. आधी आम्ही भरपूर पाणी मारून कास धुवायचो आणि लगेच धारा काढायचो. ते पाणी निथळत सडांच्या टोकाशी येतं आणि चिखलातले जंतू तिथेच जमतात. आता फक्त सड धुतो, प्रत्येक गायीला वेगळ्या सुक्या फडक्याने कोरडे करतो, पहिल्या धारा काळ्या वाटीत काढून गाठी दिसतात का बघतो. धारांनंतर सड आयोडिनच्या द्रावणात बुडवतो आणि पुढ्यात वैरण टाकून तिला अर्धा तास उभी ठेवतो. धार काढल्यावर सडाचं तोंड मिटायला वेळ लागतो, त्या वेळात गाय चिखलात बसली की कासदाह ठरलेला. पेंढा आधी द्यायच्या नियमाचा हा दुसरा फायदा.

१० जुलै

फाटकात टाकायला काकांच्या ओळखीने इमारतीचं पाडकाम निघालेलं राबिट फुकट मिळालं. एक छोटा टेम्पो भरून टाकलं. चिखल लगेच बसला, आम्ही खूश. पण आठवड्यातच विटांच्या कडा वर आल्या, त्यात काचा, टाइल्सचे तुकडे आणि खिळेही निघाले. एक जर्सी पुढचा पाय टेकेना. खुराच्या तळव्यात टाइलची कपची रुतली होती. कपची काढली, जखम साफ करून पट्टी बांधली, तिला गोठ्यात ठेवली.

खिळ्यांची धास्ती त्याहून मोठी. गुरं चारा निवडून खात नाहीत, लोखंड गवताबरोबर पोटात जातं आणि दुसऱ्या पोटातून पुढे हृदयापर्यंत टोचतं. सगळं राबिट फावड्याने उचलून बाहेर काढायला पावसात दोन माणसांची मजुरी गेली. ते टाकायला काही खर्च आला नव्हता, काढायला २,४०० रुपये आला. मुंबईत राबिट कुठेही आणि कधीही मिळतं, म्हणून मुद्दाम लिहितो: गुरांच्या पायाखाली ते घालू नका.

१६ जुलै

फाटक आणि टाकीची जागा नीट केली. वीतभर खणून चिखल काढला, तळाला जुनी शेतीची जाळी दुहेरी अंथरली, त्यावर जांभ्या चिऱ्यांचे तुकडे, वर मुरूम, सगळ्यात वर बारीक कच. चिऱ्यांचे तुकडे जाळी फाडतील असं वाटलं होतं, अजून तरी फाटली नाही. पाणी बाजूच्या चरात जाईल एवढा उतार ठेवला. भाड्यासकट १९,००० रुपये. या मोसमातला हा सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात उपयोगाचा. पुन्हा करायचं झालं तर कुंपणाच्याही आधी, एप्रिलमध्ये हेच करीन. कोरड्या जमिनीत हे काम निम्म्या वेळात होईल आणि टेम्पो थेट जागेवर येईल. आत्ता तो रस्त्यावरच थांबला आणि माल घमेल्याने वाहावा लागला.

२० जुलै

तुकड्यांची स्थिती सारखी नाही. वरचे दोन कातळाजवळचे, पाणी थांबत नाही. मधले दोन बरे. खालचा पाचवा पायाखाली गेला. तिथे गवत नाही, खुरांचे खड्डे आणि त्यात साचलेलं पाणी. गुरांनी खाल्लेलं गवत परत फुटतं. तुडवून मातीत दाबलेलं फुटत नाही. पाय रुतून जमीन आवळली की पाणी आत मुरत नाही आणि पुढच्या पावसाला तिथेच तळं होतं. पाऊस गवताचं नुकसान करत नाही, पावसात त्यावर उभी राहिलेली गुरं करतात. जुलैचं माझं सगळं काम आता याच एका गोष्टीभोवती आहे.

म्हणून ठरवलं, पाचवा तुकडा गेला तो गेला. मुसळधारेच्या दिवशी गुरांना मोकळं करायचंच तर तिथेच, गोठ्याच्या जवळ, पेंढा टाकून. बाकी चार तुकड्यांवर त्या दिवशी पाय नाही. रोज सकाळी तुकड्यात जाऊन गमबुटाची टाच दाबून बघतो. दोन बोटांहून जास्त रुतली तर तो तुकडा बंद. हवामानाचा अंदाज पाहण्यापेक्षा हे जास्त कामाला येतं, कारण पाऊस थांबल्यावरही मधले तुकडे दीड दिवस ओलेच राहतात आणि वरचे तासाभरात चालतात.

एका तुकड्यात तीन दिवसांहून जास्त नाही, आणि चार बोटं गवत शिल्लक असताना बाहेर. त्याहून खाली खाल्लं की नवा फुटवा येईपर्यंत टाकळा जागा घेतो. गुरं टाकळ्याला तोंड लावत नाहीत. कोवळा आम्हीच भाजीला खुडतो, उरलेला फुलायच्या आत उपटतो.

२५ जुलै

दुसरी जर्सी मागच्या पायाने लंगडते. खुराच्या वर सूज, दोन नख्यांच्या मधली कातडी फाटलेली, सडका वास. खुरसडा. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, त्या दिवसांचं आणि त्यानंतर त्यांनी सांगितले तितके दिवस दूध विक्रीतून बाहेर. ते वासरालाही पाजलं नाही, ओतून दिलं. औषध १,६०० रुपये, बुडालेलं दूध वेगळं.

चारही डांगी गायी त्याच चिखलातून येतात आणि एकीचाही पाय बिघडलेला नाही. त्यांची खुरं काळी, टणक, आणि कातडीवर तेलकट ओशटपणा असतो, त्यावरून पावसाचं पाणी ओघळून जातं. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, अकोले–इगतपुरी आणि डांगच्या पावसात हीच जात पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. दूध जर्सीच्या निम्म्याहून कमी, हे खरं. पण जुलैतलं औषध, फेकलेलं दूध आणि माझा वेळ धरला तर ते अंतर बरंच आटतं. कोकणात पावसाळी चराई करणाऱ्याने जात आधी बघावी. आपल्या पट्ट्यातली कोकण कपिलाही याच कामाची आहे.

१ ऑगस्ट

खुरांसाठी मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी. प्रमाण ५ टक्के, म्हणजे १०० लिटरला ५ किलो. फाटकात सिमेंटचा उथळ हौद करायचा होता. तो केला नाही, दोन कारणांनी. पहिलं, पाऊस हौदात पडून द्रावण पातळ होतं आणि शेण पडलं की त्याचा असर जातो, म्हणजे रोज नवं करावं लागणार. दुसरं जास्त महत्त्वाचं. वापरलेलं पाणी उताराने खाडीत जाणार. तांबं माशांना विषारी आहे, आणि खालच्या बाजूला कोळ्यांची जाळी लागतात. ते मला चालणार नाही.

त्याऐवजी गोठ्याच्या आत, छपराखाली, १० लिटरची बादली आणि ब्रश. खुरं आधी धुवायची, मग नख्यांच्या मधे द्रावण लावायचं, मग कोरड्या कोब्यावर उभी ठेवायची. आठवड्यातून दोनदा. उरलेलं थोडंसं द्रावण खताच्या ढिगावर शिंपडून पसरतो. वेळ जास्त जातो, माल फार थोडा लागतो. कोब्यावर रोज चुन्याची भुकटी भुरभुरतो, तीही पाय कोरडे ठेवायला मदत करते.

८ ऑगस्ट

झटका मशीन नावापुरतं उरलं आहे. टेस्टरवर जूनमध्ये ६,००० व्होल्ट येत होते, काल १,८०० आले. जनावर मानेल असा झटका बसायला निदान ३,००० हवेत. कारणं दोन निघाली. ओलं गवत आणि वेली तारेला टेकून वीज जमिनीत उतरवतात. आणि ढगांमुळे पॅनल बॅटरी भरतच नाही. तारेखाली हातभर पट्टा कोयत्याने साफ केला, बॅटरी घरी आणून रात्री चार्ज केली, परत ५,५०० वर आलं. आता पट्टा दर आठवड्याला साफ करायचा आणि दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापरायच्या. दुसरी बॅटरी ३,२०० रुपये.

क्षारांची चाटण वीट उघड्यावर टांगली होती, ती अर्धी पावसातच विरघळली. आता गोठ्यात गव्हाणीवर टांगली आहे.

गोचिडांसाठी पाठीवर ओतायचं औषध आणलं होतं. ओतलं आणि थोड्याच वेळात सर आली, वाया गेलं. आता पाऊस नसलेली संध्याकाळ बघून, गुरं रात्रभर गोठ्यात राहतील त्या दिवशीच. तोवर कानामागचे, शेपटीखालचे हाताने वेचतो. डासांसाठी कडुनिंब आणि निरगुडीच्या ओल्या पाल्याची धुरी, पण दारं उघडी ठेवून. कोंडलेल्या धुरात गुरं खोकतात.

२० ऑगस्ट

दोन दिवस काही लिहिता आलं नाही. १९ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला २०० मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला, लोकल बंद पडल्या. इथे भरतीच्या वेळी खाडीने पाणी घ्यायचं थांबवलं आणि खाचरं बांधापर्यंत भरली. पाणी पाचव्या तुकड्याच्या कडेला आलं. गोठ्यात शिरलं नाही, चराने काम केलं.

गुरं पूर्ण वेळ आत. दावी मात्र सगळी सुरगाठीने बांधली, एका झटक्यात सुटतील अशी, आणि वरकशीकडचं फाटक उघडं ठेवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा उपनगरांतल्या तबेल्यांत हजारो म्हशी बुडाल्या, कित्येक बांधलेल्या जागीच. काकांनी ते पाहिलं आहे आणि या बाबतीत ते काही ऐकून घेत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

पेंढा नेहमीच्या दुपटीहून जास्त गेला. माळ्यावर दहा दिवसांचा जादा साठा ठेवला होता, तो आता उपयोगी पडला. या दिवसांत पैसे देऊनही टेम्पो आला नसता.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. पाणी ओसरलं. खाचरांत गुडघाभर हिरवंगार गवत, त्यावर गाळाचा लेप. तिथे गुरं सोडलेली नाहीत आणि सोडणारही नाही. गाळ पोटात जातो, ते वेगळंच, पण खरी भीती गोगलगायींची. साचलेल्या पाण्यातल्या गोगलगायींच्या आधाराने लिव्हर फ्लूकची (यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमींची) पिल्लं वाढतात आणि गवताच्या पात्यावर चिकटून बसतात. खाचरांच्या तोंडाला तार ओढून ती बंद केली. ६० गुंठे गवत डोळ्यांसमोर उभं आहे आणि पेंढा विकत घेतोय, हे जड जातं.

कामाला येणाऱ्या दादाची टाच फाटली होती आणि तो अनवाणी पाण्यात उतरला होता. त्याला त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात पाठवलं. लेप्टोस्पायरोसिस गुरांच्या आणि उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि कातडीच्या भेगेतून माणसात शिरतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. डॉक्टरांनी तपासून प्रतिबंधाच्या गोळ्या दिल्या. गोठ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला गमबूट, त्याचे २,१०० रुपये झाले. पाण्यातून जाऊन नंतर ताप आला तर दवाखान्यात गुरांबरोबर काम करतो हे आधी सांगायचं, असं सगळ्यांना बजावलं आहे.

१२ सप्टेंबर

दोन डांगींचं अंग उतरलं आहे, एकीच्या जबड्याखाली सकाळी मऊ सूज येते आणि संध्याकाळपर्यंत कमी होते. शेणाचे नमुने डब्यांत भरून, चिठ्ठ्या लावून, बोट आणि लोकल करत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले. फ्लूकची अंडी निघाली. म्हणजे चिखल आणि पाऊस अंगावर घेणारी जात आतल्या कृमींपुढे इतर गुरांसारखीच आहे. संसर्ग जूनमध्ये झालेला असणार, कारण पोटात गेल्यापासून अंडी दिसायला अडीच-तीन महिने लागतात. तेव्हा खाचरांच्या कडेचा भाग तारेच्या आत होता.

डॉक्टरांनी वजन बघून ऑक्सिक्लोझानाइड दिलं. हे औषध मोठ्या झालेल्या कृमींवर चालतं, लहान वाचतात, म्हणून काही आठवड्यांनी शेण पुन्हा तपासायचं आहे. दरवेळी कसलंही जंतांचं औषध पाजून मोकळं होण्यापेक्षा आधी शेण तपासणं स्वस्त पडलं. एरवी आम्ही जे पाजतो ते फ्लूकवर चालतच नाही, असं तिथे कळलं.

पुढच्या वर्षी तार खाचरापासून १० मीटर वर.

२७ सप्टेंबर

पहिला आणि दुसरा तुकडा आजपासून बंद. गवत आता कमरेला लागतंय, पाऊस गेला की ऑक्टोबरच्या उन्हात कापून वाळवायचं. सप्टेंबरमध्ये कापलेलं इथे वाळत नाही, काळं पडतं. गुरं तिसऱ्या-चौथ्यावर, जोडीला पेंढा दीड किलोवर आणला आहे. गवत निबर झाल्याने शेण आपोआप घट्ट आहे आणि साय जाड येते.

जमा-खर्च. कुंपण, फाटक, पन्हाळी हा एकदाचा खर्च ४३,९०० रुपये, त्यात जादा बॅटरी आणि राबिट काढण्याची मजुरी आहे. औषधं, तपासणी आणि मोरचूद मिळून साधारण ७,०००. पेंढा १४,००० चा गेला, त्यात बुरशीचा धरला आहे. वैरण निम्म्यावर येईल असं वाटलं होतं, ती उन्हाळ्याच्या मानाने तिसऱ्या हिश्श्याने कमी झाली. निम्म्यावर आणायची तर खाचरांतलं गवत कापून, धुऊन, सुकवून वापरावं लागेल. त्याला इथे माणूसबळ नाही.

खुरसडा झालेली जर्सी उत्तनच्या एका ओळखीच्यांकडे जाते आहे. त्यांचा गोठा पूर्ण कोब्याचा आहे आणि ते गुरं बाहेर काढत नाहीत. तिच्या पैशांत घोटीच्या बाजारात एक डांगी बघायची आहे, दुसऱ्या वेताची. पाचवा तुकडा मार्चमध्ये नांगरून सोडायचा. पेंढ्याची आगाऊ रक्कम वाड्याला दिली, टेम्पो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.